स्वतःच्या भूखंडावर घर बांधताना: बांधकाम परवानगीचा अर्ज कसा करावा

बांधकाम परवानगीचे प्रकरण महिनोन्‌महिने पुढे सरकले नाही की अर्जदार बहुधा कार्यालयाला दोष देतो आणि कार्यालय नकाशाला. दोन्हींत तथ्य असू शकते, पण छोट्या निवासी घरांची बहुसंख्य प्रकरणे ज्या कारणासाठी परत येतात ते कारण नकाशात नसून जमिनीच्या कागदांत असते: उताऱ्यावरचे क्षेत्र आणि मोजणीचे क्षेत्र जुळत नाही, मयत वडिलांचे नाव अजून उताऱ्यावर आहे, पोचरस्ता वहिवाटीत आहे पण कोणत्याही नकाशात नाही. म्हणून पुढील मार्गदर्शनात अर्ज भरण्यापेक्षा अर्जापूर्वीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्रात, महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत, स्वतःच्या मालकीच्या भूखंडावर एक-दोन मजल्यांचे राहते घर बांधू इच्छिणारी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे.

या परवानगीचा मूळ आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. त्याच्या कलम ४४ अन्वये अर्ज करायचा असतो आणि कलम ४५ अन्वये नियोजन प्राधिकरण तो मंजूर करते, अटींसह मंजूर करते किंवा नाकारते. इमारत किती मोठी, किती उंच आणि हद्दीपासून किती अंतरावर असावी हे ठरवणारी नियमावली म्हणजे एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ती डिसेंबर २०२० मध्ये अमलात आली आणि त्यापूर्वी शहरागणिक वेगवेगळी असलेली बांधकाम नियमावली बहुतांश ठिकाणी एक झाली. बृहन्मुंबई महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, गिरिस्थानांच्या नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांना मात्र स्वतंत्र नियम आहेत. तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकाचा अनुभव नाशिकला बराचसा लागू पडेल, पण दादरच्या किंवा महाबळेश्वरच्या ओळखीच्या माणसाचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

अर्ज नेमका कोणाकडे करायचा

महानगरपालिकेच्या हद्दीत नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागाकडे आणि नगरपरिषद वा नगरपंचायतीत मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. शहराबाहेर परिस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या ठिकाणी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणे आहेत आणि त्यांच्या क्षेत्रातल्या गावांची परवानगी त्यांच्याकडून घ्यावी लागते. जिथे केवळ प्रादेशिक योजना लागू आहे तिथे जिल्हाधिकारी कार्यालय नगररचना शाखेच्या अभिप्रायावर परवानगी देते. गावठाणाच्या आतील बांधकामासाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीची परवानगी लागते. २०२१ साली शासनाने ग्रामीण भागासाठी प्रक्रिया सोपी केली, त्यानुसार सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रे, नियमांशी सुसंगत असल्याचे परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेले नकाशे आणि शुल्क ग्रामपंचायतीकडे दिले की पुरेसे ठरते, तर त्यापुढे ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायत दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याचा परवाना, देते. छावणी क्षेत्रात, उदाहरणार्थ खडकी किंवा देवळालीत, छावणी परिषदेचे नियम स्वतंत्र आहेत.

शहराच्या हद्दी वाढत असतात, आणि नव्याने समाविष्ट झालेल्या गावात भूखंड असेल तर ग्रामपंचायतीची जुनी परवानगी दाखवून कोणी भूखंड विकत असल्यास सावध राहावे. त्या तारखेला परवानगी देण्याचा अधिकार कोणाला होता हा प्रश्न पुढे बँक विचारते आणि त्याचे उत्तर खरेदीनंतर शोधणे महागात पडते.

जमिनीचे कागद: अर्जाची खरी तयारी

पहिला कागद सातबारा उतारा किंवा, नगर भूमापन झालेल्या भागात, मिळकत पत्रिका. उतारा अलीकडचा आणि डिजिटल स्वाक्षरीचा असावा. तो हातात आला की वरचे नाव पाहून समाधान मानू नये, कारण परवानगी अडवणाऱ्या गोष्टी बहुधा 'इतर हक्क' या रकान्यात असतात: सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, न्यायालयातल्या दाव्याची नोंद, पुनर्वसनासाठी राखून ठेवल्याचा शेरा. भूधारणेचा प्रकारही उताऱ्यावरच कळतो. भोगवटादार वर्ग १, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध नसलेली जमीन, असेल तर मार्ग मोकळा. असे निर्बंध असलेली वर्ग २ ची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते आणि ती मिळाल्याशिवाय बांधकामाचा अर्ज दाखल करण्यात वेळ आणि छाननी शुल्क दोन्ही वाया जातात.

मूळ मालक हयात नसेल तर वारस नोंद पूर्ण करून घ्यावी. अनेक घरांत चुलतभावांची, आत्यांची नावे सामाईक उताऱ्यावर असतात आणि 'वाटणी तोंडी झाली आहे, सगळ्यांना मान्य आहे' असे सांगितले जाते. ते खरे असले तरी छाननी करणाऱ्या अभियंत्याला तोंडी वाटणी दिसत नाही. सर्व सहधारकांचे नोंदणीकृत संमतीपत्र द्यावे किंवा रीतसर वाटप करून घेऊन आपल्या हिश्शाचा स्वतंत्र पोटहिस्सा पाडून घ्यावा. यातला दुसरा मार्ग वेळखाऊ आहे, तरी शक्य असेल तर तोच धरावा, कारण संमती देणाऱ्यांपैकी एकाने जरी मध्येच हरकत घेतली तरी प्रकरण थांबते, आणि भावकीतल्या हरकती बहुधा जोते वर आल्यावरच येतात.

दुसरा कागद मोजणीचा नकाशा, ज्याला सर्वत्र 'क' प्रत म्हणतात. तो भूमी अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी हद्द कायम मोजणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मोजणीच्या दिवशी लगतच्या धारकांना नोटीस गेलेली असते. त्या दिवशी स्वतः हजर राहावे आणि आपल्या वास्तुविशारदालाही बोलवावे. भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतो त्याच वेळी कोपऱ्यांवर पक्के दगड किंवा खांब रोवून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण पुढे कंपाउंडची भिंत आणि सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची अंतरे) याच खुणांवरून मोजली जाणार आहेत. जुनी मोजणी असेल तर ती चालेल का हे अर्जापूर्वी विचारून घ्यावे. दरम्यान शेजारी रस्ता रुंद झाला असेल किंवा पोटहिस्से पडले असतील तर नवी मोजणी करून घेणेच शहाणपणाचे.

आता क्षेत्राचा मुद्दा. समजा उताऱ्यावर भूखंड २०० चौरस मीटर आहे, मोजणीत तो १९३ भरला आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीकरणात १२ चौरस मीटर जाणार आहेत. अर्जदाराच्या मनात २०० हा आकडा पक्का बसलेला असतो आणि घराचा आराखडाही त्यावरच आखलेला असतो. छाननीत मात्र उतारा आणि मोजणी यांपैकी कमी असलेले क्षेत्र धरले जाते आणि त्यातून रस्त्यात जाणारी जागा वजा होते, म्हणजे हिशोब १८१ चौरस मीटरवर येतो. दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, १.१ आहे, म्हणून मूळ अनुज्ञेय क्षेत्र १९९.१ चौरस मीटर झाले. त्यावर अधिमूल्य (जादा बांधकामासाठीची रक्कम) भरून साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचे जादा, क्षेत्र मिळू शकते, म्हणजे आणखी ११९ च्या आसपास. रस्त्यासाठी सोडलेल्या जागेचा मोबदला त्याच भूखंडावरील जादा चटई क्षेत्राच्या किंवा हस्तांतरणीय विकास हक्काच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काच्या) रूपात घेता येतो, पण त्यासाठी ती जागा रीतसर प्राधिकरणाच्या ताब्यात द्यावी लागते. उतारा आणि मोजणी यांतील फरक मोठा असेल, तर घराचा आराखडा काढण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात क्षेत्रदुरुस्तीचा अर्ज करायचा की कमी क्षेत्र मान्य करायचे, हा निर्णय घ्यावा. सात-आठ चौरस मीटरसाठी वर्ष घालवणे सहसा परवडत नाही.

भूखंड मंजूर रेखांकनातला, म्हणजे जमिनीचे रस्ते व भूखंड पाडून मंजूर झालेल्या आराखड्यातला, आहे का, हाही प्रश्न याच टप्प्यावरचा. रेखांकन मंजूर असेल तर त्या मंजुरीचा आदेश आणि अंतिम नकाशाची प्रत जोडावी. भूखंड क्रमांक, मोजमापे आणि अंतर्गत रस्त्याची रुंदी त्यात दिलेली असते. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विकलेल्या जागेवर असे रेखांकनच नसते, आणि खरेदीखत नोंदणीकृत असले तरी परवानगी मिळत नाही. अशा जुन्या वस्त्यांसाठी २००१ चा गुंठेवारी अधिनियम आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाही तो लागू झाला. पण ती नियमितीकरणाची वेगळी वाट आहे. आधी तिथून नियमितीकरणाचा दाखला आणि मग बांधकामाचा अर्ज, हा क्रम उलटवता येत नाही. जमिनीचा वापर शेतीचा असेल तर अकृषिक आकारणी कशी होणार हे तहसील कार्यालयातून समजून घ्यावे. या बाबतीत जमीन महसूल संहितेत गेल्या दशकात वारंवार दुरुस्त्या झाल्या असून त्यांचा कल स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज कमी करण्याकडे राहिला आहे, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी शेजाऱ्याने केलेली प्रक्रिया आज लागू असेलच असे नाही.

विकास योजना काय सांगते

कागद जुळले तरी त्या जागेवर घर बांधता येईल की नाही हे विकास योजना ठरवते. नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागवावा. जागा रहिवास विभागात आहे की शेती विभागात, तिच्यावर बाग, शाळा, वाहनतळ यांचे आरक्षण आहे का, नियोजित रस्ता तिच्यातून जातो का, हे या दोन कागदांवरून समजते. शुल्क किरकोळ असते. भूखंड विकत घेण्यापूर्वीच हे दोन कागद मागवणारे लोक फार थोडे भेटतात. खरे तर हे काम इसार देण्यापूर्वीचे आहे.

त्यानंतर ना हरकत दाखल्यांचा विचार. सगळे दाखले सगळ्यांना लागत नाहीत, आणि यादी वाचून घाबरण्याचे कारण नाही, पण आपल्याला कोणता लागतो हे अर्जापूर्वी कळले पाहिजे. नदीकाठी पाटबंधारे खात्याने आखलेली निळी आणि लाल पूररेषा पाहावी. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत मोकळ्या जागेवर नवे घर उभे करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जागा असेल तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घेण्याच्या अटीवर विचार होतो. सांगली-कोल्हापूरकरांना २०१९ च्या महापुरानंतर याचे महत्त्व सांगावे लागत नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत पुरातत्त्व खात्याशी संबंधित सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. किल्ल्याच्या, लेण्यांच्या किंवा जुन्या मंदिराच्या गावात हे हमखास विसरले जाते. विमानतळाजवळ उंचीचा दाखला, कोकणात किनारा नियमन क्षेत्र, लोहमार्गालगत रेल्वेची ना हरकत, महामार्गालगत इमारत रेषा आणि भूखंडावरून जाणारी उच्चदाबाची वीजवाहिनी या बाकीच्या नेहमीच्या बाबी. जागेत झाडे असतील तर ती नकाशावर दाखवावीच लागतात आणि शहरी भागात एखादे झाड तोडायचे झाल्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची स्वतंत्र परवानगी लागते. परवानगीच्या नकाशातून झाड वगळणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण स्थळपाहणीत ते दिसतेच.

तांत्रिक व्यक्ती आणि नकाशे

अर्ज मालकाचा असला तरी नकाशे नोंदणीकृत वास्तुविशारदाने किंवा प्राधिकरणाच्या परवानाधारक अभियंत्याने सादर करायचे असतात. संरचना अभियंता वेगळा. तळमजल्याच्या घराला तो कशाला, असा प्रश्न नेहमी येतो, विशेषतः गवंड्याकडून. १९९३ च्या भूकंपात किल्लारीच्या परिसरात सर्वाधिक माणसे दगडमातीच्या बुटक्या घरांखालीच गेली, एवढे उत्तर त्याला पुरावे. वास्तुविशारद ठरवताना त्याच शहरात गेल्या वर्षभरात त्याने प्रकरणे मंजूर करून घेतली आहेत का ते विचारावे आणि त्याच्या शुल्कात भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेल्या घरात राहण्याचा दाखला) मिळेपर्यंतचे काम धरले आहे का, हे लेखी घ्यावे. केवळ 'परवानगी काढून देण्याचा' सौदा केला तर काम अर्ध्यावर असताना पर्यवेक्षणाच्या सहीसाठी नव्याने बोलणी करावी लागतात.

नकाशात काय असते हे मालकाला समजले पाहिजे, कारण त्यावर त्याचीही सही असते. मजल्यांचे आराखडे सहसा १:१०० या प्रमाणात काढतात. प्रस्तावित काम लाल रंगात आणि पाडायचे काम पिवळ्या रंगात दाखवण्याची पद्धत आहे. सध्याच्या नियमावलीत सर्वांत महत्त्वाची रेषा म्हणजे पी-लाइन. प्रत्येक मजल्याच्या बाहेरच्या कडेने ती आखतात आणि तिच्या आतले सर्व क्षेत्र, नियमावलीने स्पष्टपणे वगळलेल्या बाबी सोडून, बांधीव क्षेत्रात मोजले जाते. पूर्वी जिना, बाल्कनी, गच्चीचा भाग यांना चटई क्षेत्रातून सूट मिळवण्याची जी ओढाताण चाले ती यामुळे बरीच संपली. म्हणूनच, 'बाल्कनी नंतर बंद करून घेऊ, ती मोजत नाहीत' असे कोणी सांगत असेल तर त्याची माहिती जुनी आहे. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी टेप लावून जागेवर ताडून पाहाव्यात: समोरच्या रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी, चारही बाजूंची मोकळी सोडायची अंतरे आणि वाहनतळाची जागा. सामासिक अंतरांचा तक्ता भूखंडाचे क्षेत्र, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची या तिन्हींवर अवलंबून असतो, त्यामुळे रस्ता नकाशात नऊ मीटर आणि जागेवर साडेसात मीटर निघाला तर पुढचे सगळे गणित बदलते.

अर्ज, छाननी आणि त्रुटी

बहुतेक प्राधिकरणांत आता अर्ज ऑनलाइनच करावा लागतो. वास्तुविशारद आपल्या लॉगिनमधून नकाशाची संगणकीय फाइल चढवतो, तिच्यातले थर ठरावीक नावांनी काढलेले असावे लागतात, आणि संगणकप्रणाली क्षेत्रे, उंची व अंतरे आपोआप तपासून अहवाल काढते. प्रणालीने 'अनुत्तीर्ण' दाखवलेली बाब अभियंत्याला भेटून सुटत नाही. ती नकाशातच सुधारावी लागते. सोबत उतारा, मोजणी नकाशा, खरेदीखत, झोन दाखला, मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, तांत्रिक व्यक्तींची नियुक्तिपत्रे, हमीपत्रे आणि लागू असतील ते ना हरकत दाखले जोडायचे. मालक परगावी किंवा परदेशी असेल तर कुलमुखत्यारपत्र लागते आणि त्यात बांधकाम परवानगीचे, शुल्क भरण्याचे व हमीपत्र देण्याचे अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावेत. 'मिळकतीची सर्व व्यवस्था पाहणे' अशी मोघम भाषा पुरत नाही.

छोट्या भूखंडांसाठी नियमावलीत जोखमीवर आधारित सोपी पद्धत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडावर नियमांशी सुसंगत नकाशे सादर करून शुल्क भरल्याची पोचच परवानगी समजली जाते, आणि त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर विसंबून दहा दिवसांत परवानगी दिली जाते. या सवलतीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. सूट छाननीपुरती आहे, नियमांपासून नाही. आणि प्रमाणपत्र देणाऱ्याने सामासिक अंतर चुकवले तर नोटीस मालकाच्याच नावाने येते.

इतर प्रकरणांत छाननीनंतर कनिष्ठ अभियंता जागेवर येतो. त्या दिवशी भूखंड स्वच्छ असावा, हद्दीच्या खुणा दिसाव्यात आणि कोणतेही बांधकाम सुरू झालेले नसावे. पायाची खोदाई झालेली दिसली तरी तसा शेरा टिपणीत येऊ शकतो. त्यानंतर बहुधा त्रुटीपत्र येते. ते आले म्हणून निराश होऊ नये आणि त्याला तोंडी उत्तरही देऊ नये. प्रत्येक त्रुटीचा क्रमांक लिहून त्यापुढे काय पूर्तता केली आणि कोणते पान जोडले हे नमूद करावे, सर्व त्रुटींची पूर्तता एकदमच सादर करावी आणि त्या पूर्ततेची दिनांकित पोच जपून ठेवावी.

ही पोच मुदतीसाठी महत्त्वाची आहे. कलम ४५ नुसार अर्ज मिळाल्यापासून, किंवा प्राधिकरणाने मागितलेल्या माहितीचे उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. या मानीव परवानगीचा बोलबाला मोठा आहे, परंतु तिला अट आहे की प्रस्ताव विकास योजना आणि नियमावलीशी काटेकोर सुसंगत असला पाहिजे, आणि तो तसा आहे की नाही यावर पुढे वाद उभा राहू शकतो. कर्ज देणारी बँकही बहुतेक वेळा सहीशिक्क्याची परवानगीच मागते. म्हणून साठ दिवस उलटले की थेट खोदाई सुरू न करता, मुदत संपल्याचे प्राधिकरणाला लेखी कळवून प्रमाणपत्र मागणे हा सुरक्षित मार्ग आहे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ही सेवा अधिसूचित असेल तर त्याच कायद्यातले पहिले आणि दुसरे अपील वापरता येते, आणि नुसती अपिलाची प्रत आवक झाली तरी नस्ती पुढच्या टेबलावर गेल्याचे बऱ्याचदा दिसते.

परवानगी नाकारली गेली तर कारणांसह लेखी आदेश मागून घ्यावा. त्याविरुद्ध कलम ४७ खाली चाळीस दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. मात्र नकाराचे कारण आराखड्यात बदल करून दूर होण्यासारखे असेल तर अपिलापेक्षा सुधारित अर्ज लवकर फळाला येतो.

शुल्काचा अंदाज

प्रस्ताव मंजुरीयोग्य ठरला की चलन निघते आणि ते पाहून अनेकांचे अंदाजपत्रक कोलमडते. त्यात छाननी शुल्क, नगररचना अधिनियमाच्या प्रकरण सहा-अ खालील विकास शुल्क, अनुषंगिक किंवा जादा चटई क्षेत्र घेतले असल्यास त्याचे अधिमूल्य, बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर आणि प्राधिकरणानुसार सुरक्षा अनामत, राडारोडा शुल्क वगैरे रकमा असतात. विकास शुल्क आणि अधिमूल्य हे वार्षिक मूल्यदर तक्त्यातल्या, म्हणजे रेडी रेकनरच्या दरांवर काढतात. हे दर बदलतात तेव्हा ते साधारणपणे १ एप्रिलपासून, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजुरीच्या टप्प्यावर आलेल्या प्रकरणाचे चलन वर्षअखेरीपूर्वी भरणे फायद्याचे ठरू शकते. वास्तुविशारदाला नकाशा काढतानाच शुल्काचा तक्ता करायला सांगावे. अधिमूल्याचा आकडा समोर आल्यावर एखादी खोली कमी करण्याचा निर्णय घरातले लोक आपण होऊन घेतात. रक्कम ऑनलाइन भरून प्रत्येक पावती प्रकरण क्रमांकासह जपावी. अनामत परत मिळवताना तीच लागते.

प्रारंभ प्रमाणपत्र ते भोगवटा प्रमाणपत्र

चलन भरल्यावर मंजूर नकाशे आणि प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. त्यामागे छापलेल्या अटी वाचाव्यात. वाचणारे क्वचितच असतात. परवानगी एका वर्षाची असते, नूतनीकरणासह ती एकूण चार वर्षांपर्यंत टिकते, आणि या मुदतीत काम जोत्यापर्यंत न आल्यास नव्याने अर्ज करावा लागतो. मंजूर नकाशाची प्रत जागेवर ठेवावी आणि परवानगीचा क्रमांक, दिनांक व तांत्रिक व्यक्तींची नावे असलेला फलक लावावा.

जोत्यापर्यंतचे काम झाल्यावर तशी सूचना वास्तुविशारदामार्फत प्राधिकरणाला द्यायची असते. हा टप्पा कधीही टाळू नये. जोते एका बाजूला तीस-चाळीस सेंटिमीटर सरकले असेल तर ते याच वेळी थोड्या खर्चात दुरुस्त होते. दोन मजले चढल्यावर तीच चूक भोगवटा प्रमाणपत्र अडवते. स्वयंपाकघराची जागा बदलणे, खिडकी वाढवणे यांसारखे आतले बदल आणि बाहेरची रेषा हलवणारे बदल यांत फरक आहे. पी-लाइन, उंची, मजला किंवा सामासिक अंतर यांपैकी काहीही बदलत असेल तर काम करण्याआधी सुधारित परवानगी घ्यावी. विनापरवाना किंवा परवानगीबाहेरच्या बांधकामाला नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली तुरुंगवासासह शिक्षेची तरतूद आहे, आणि कलम ५३ खाली ते काढून टाकण्याची नोटीस देता येते.

काम पूर्ण झाले की वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला, संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचे नकाशे जोडून भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज करावा. जागेवर पुन्हा पाहणी होते. त्यासाठी वाहनतळाची जागा मोकळी, सांडपाण्याची जोडणी किंवा सेप्टिक टँक पूर्ण आणि भूखंड ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठा असल्यास पर्जन्यजल साठवणीची व्यवस्था तयार असावी. 'राहायला जाऊ, दाखला नंतर घेऊ' ही आपल्याकडची जुनी सवय आता महाग पडू लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मधील निकालात वीज, पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्या पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात आणि बँकांनीही कर्ज देताना ते पडताळावे असे निर्देश दिले आहेत.

प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याची प्रत जोडून मालमत्ता कर आकारणीसाठी स्वतःहून अर्ज करावा, बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती वीजजोडणी घरगुती करून घ्यावी आणि भरलेली सुरक्षा अनामत परत मागावी. पूर्णत्वाच्या नकाशाची सहीशिक्क्याची प्रत याच वेळी मागून घ्यावी आणि ती उतारा, 'क' प्रत व प्रारंभ प्रमाणपत्रासोबत एकाच फाइलमध्ये लावावी; वरचा मजला चढवताना, घर विकताना किंवा मुलांमध्ये वाटणी करताना संबंधित कार्यालय सर्वांत आधी हाच नकाशा मागते.